वारा पुढे होता

१

गोरख भोयेंचा उजवा हात चिरडला गेला तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळेबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, कारण नेमक्या त्याच मिनिटाला मोखाड्यात लाईट आली. बाकी सगळ्याबद्दल मात्र जितकी तोंडं तितक्या हकिकती होत्या.

फौजदार मीना गावित अकराच्या सुमाराला केंद्रावर पोचल्या. भोयेंना घेऊन जीप नाशिकच्या रस्त्याला लागली होती. विमानदुरुस्ती शिकवणारं ते केंद्र म्हणजे त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक लांबलचक, बिनखिडक्यांची अंधारी पत्र्याची शेड, बाजूला दोन वर्गखोल्या आणि एक ऑफिस. शेडच्या मधोमध लोखंडी घोडीवर विमानाचं एक जुनं इंजिन चढवलेलं होतं. भंगारात निघालेल्या विमानाचं. चार वर्षांपूर्वी ते घाटातून वर आणलं, तेव्हा वाटेवरच्या पाड्यांतली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली होती, हे मीनाबाईंनीही ऐकलं होतं.

इंजिनाखाली रक्ताचं थारोळं होतं. त्यात एक बॅटरी पडली होती, विझलेली.

"मी गेटावं होतो मॅडम," वॉचमन ढवळू बरफ म्हणाला. भिवंडीच्या गोदामात दहा वर्षं काढून परत आलेला माणूस. "लाईट आली, पंखा घुमला, न् सर वरडलं. असं वरडलं का मी आत गेलोच नाय. डायरेक मीटरकडं पळालो, मेन स्विच खाली केला. मंग आत गेलो."

"आत कोण होतं?"

ढवळूनं मान खाली घातली.

"कोण होतं, ढवळूदादा?"

"प्रतिक्षा होती. वांगणीची पोर. हातात ती पिन होती."

"कसली पिन?"

उत्तर बाजूला उभ्या असलेल्या तरुण शिक्षकानं दिलं. हे संदीप मौळे, भोयेंच्या हाताखालचे. त्यांनी इंजिनाच्या मागच्या अर्ध्याकडे बोट केलं. तिथलं गोल आवरण चांगलं हातभर मागे सरकवता येत असे. सदऱ्याच्या बाहीसारखं मागेपुढे होतं म्हणून पोरं त्याला बाहीच म्हणत.

"विमान उतरल्यावर वेग मोडायला हे असतं. बाही मागे गेली की आतल्या झडपा बंद होतात. भोये सरांनी तिला मोटर बसवली होती, पोरांना दाखवायला. आत हात घालायचा असेल तर आधी ही पिन ठोकायची. पिन असली की मोटर फिरली तरी बाही हलत नाही. आणि पिनेला ही लाल पट्टी. पट्टी दिसली की कुणी हात लावायचा नाही, हा आमचा पहिला धडा."

"आणि आज पिन नव्हती."

"सर अठरा वर्षं मुंबईच्या विमानतळावर होते मॅडम. पिन न ठोकता ते हात घालणार नाहीत. कधीच नाही."

मीनाबाई इंजिनाभोवती एक फेरी मारून आल्या. भिंतीवरच्या फळीवर दोन बटणं होती, एक पंख्याचं, दुसरं बाहीचं. बाहीच्या बटणाला एकीकडे 'उघड' म्हणजे बाही मागे, दुसरीकडे 'बंद' म्हणजे बाही पुढे, आणि मधे थांबायची खूण होती. बाहीच्या बटणाची मूठ 'बंद'कडे वळलेली होती. इंजिनाच्या तोंडापासून पुढच्या दारापर्यंत जमिनीवर भाताच्या तुसाचा पिवळट पट्टा पसरला होता. पोतं फुटलं असावं, असं त्यांना वाटलं. तूस ओलांडून त्या बाहेर आल्या.

२

प्रतिक्षा खिरारी वर्गखोलीत बाकावर बसली होती. वय एकोणीस. ओढणीला रक्त लागलेलं, हात मात्र घासून घासून धुतलेले.

"पिन तुझ्याकडे कशी?"

"खाली पडलेली होती. इंजिनाच्या खाली. मी उचलली."

"का?"

"परत ठोकायला. बाही सरांच्या हातावर येत होती. मला वाटलं पिन घातली तर थांबेल. पण भोक सरकून गेलेलं. जाईना." ती थांबली. "मी बटण मधे आणायला पायजे होतं. सुचलंच नाय."

"त्याआधी तू कुठे होतीस?"

"मागं, बोअरवर. फडकी धूत होती. डिझेलची."

"बोअरवर आणखी कोण होतं?"

"कोणीच नाय."

"शेडच्या मागच्या दाराशी?"

"नाय. मी त्याच दारातनं आत पळाली. कोण असतं तर दिसलं असतं."

मीनाबाईंनी तिच्या केसांकडे पाहिलं, खांद्यांकडे पाहिलं. तेल लावून घट्ट बांधलेली वेणी. रक्त सोडलं तर कपडे स्वच्छ होते.

"पंखा चालू होता ना?"

"जोरात."

"आणि तूस?"

"तूस माझ्याकडं नाय आलं."

"पंखा चालू, जमिनीवर एवढं तूस, आणि मागच्या दारातनं आत आलेल्या मुलीच्या अंगावर एक कणही नाही?"

प्रतिक्षानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "मॅडम, वारा पुढं होता."

मीनाबाईंना हे पटलं नाही. त्या जामसरच्या. खळ्यावर भात उपणताना वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, हे त्यांना चालायला लागण्याआधीपासून माहीत होतं. पंखा इंजिनाच्या तोंडात होता आणि तो मागे वारा फेकत होता. तूस मागेच जाणार. पोरगी काहीतरी लपवते आहे, अशी नोंद त्यांनी मनाशी केली.

"भोये सरांचं आणि तुझं कसं होतं?"

"सरांनी माझ्या बापाला सहा वेळा येऊन सांगितलं, हिला पाठवा म्हणून. वांगणीपर्यंत चालत यायचे."

"आणि सहाव्यांदा बापानं ऐकलं?"

"नाय. सहाव्यांदा आयनं ऐकलं."

बाहेर पडताना दारातच एका मुलीनं मीनाबाईंचा रस्ता अडवला. जिजा नाव होतं तिचं. कुणी ऐकत नाही ना ते पाहत ती म्हणाली, "मॅडम, काल सर प्रतिक्षावर लय रागवलेले. सगळ्यांच्या पुढं. तिनं पिन न ठोकता आत हात घातला म्हणून. म्हणाले, परत असं केलं तर उद्या पाहुण्यांसमोर तुला उभी करणार नाय."

"कसले पाहुणे?"

"विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीचे. आज बारा वाजता येणार होते. आमच्यातनं मुलं निवडायला."

३

संदीप मौळे घाम पुसत होते. जानेवारीतला गारवा होता, आणि त्यांचा रुमाल ओला झाला होता.

"सकाळपासून सांगा."

"साडेआठला मी पोरांची तालीम घेत होतो. पाहुण्यांना दाखवायचं होतं ना. आम्ही पंख्याच्या मागे वरच्या पेटीतून तूस सोडतो, म्हणजे वारा कसा जातो ते डोळ्यांना दिसतं. भोये सरांचीच कल्पना. बाही मागे घेतली, तूस सोडायला सुरुवात केली, आणि नऊला लाईट गेली. मंगळवार. मंगळवारी जातेच, साडेदहाला येते."

"मग?"

"सरांनी झडपा तपासल्या. एक झडप मिटल्यावर परत उघडायला अडत होती. ते म्हणाले, लाईट नाही तोवर मी हे उरकतो, तू पोरांना वर्गात घेऊन जा. त्यांनी बाहीचं बटण मधे आणलं, पिन ठोकली. ठोकल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मग ते खाली आडवे झाले आणि हात वर आत घातला. तसं झोपल्यावर छताशिवाय काही दिसत नाही."

"तुम्ही वर्गातून बाहेर पडलात?"

"पाच मिनिटं. लघवीला."

"किती वाजता?"

"दहाच्या सुमाराला."

"काय लपवताय, मौळे सर?"

संदीपनं रुमाल खिशात कोंबला, पुन्हा काढला. "पंख्याचं बटण. सर म्हणाले होते, पंखा बंद कर. मी विसरलो. ते आठवलं म्हणून मी दहाला परत निघालो होतो. पण ऑफिसच्या दारात आमचे व्यवस्थापक संखेसाहेब उभे होते. आठवड्याभरात दोनदा त्यांनी मला झापलं होतं. विसरलो म्हणून कळलं तर... मी तसाच मागे वळलो." त्यांनी रुमाल पुन्हा खिशात कोंबला. "पंख्यानं हात तुटला नाही मॅडम. पण मी आत गेलो असतो तर मला दिसलं असतं. पिन आहे का नाही, दिसलं असतं."

"भोयेंच्या जागेवर तुमची नेमणूक व्हावी, असा अर्ज तुम्ही दिवाळीत केला होता म्हणे."

संदीपनं होकारार्थी मान हलवली.

ऑफिसात व्यवस्थापक भावेश संखे फोनवर होते. पालघरच्या किनाऱ्याकडचा माणूस, पन्नाशीचा, पाहुण्यांसाठी पांढरा शर्ट आणि काळं जाकीट घालून आलेला. जाकीट आता खुर्चीच्या पाठीवर टांगलेलं होतं. खुर्चीत बसायला मीनाबाईंनी ते उचललं तर बोटांना तूस लागलं. कॉलरच्या मागच्या घडीत ते गच्च भरलं होतं. पाठीवरच्या कापडातही कुसळासारखं रुतून बसलं होतं.

"हे कसं लागलं, साहेब?"

संखेंनी फोन ठेवला. "लागणारच. मी बोअरचं पाणी बघायला शेडच्या मागच्या अंगानं गेलो होतो. मागच्या दाराशी पोचलो तोच लाईट आली. पंखा सुटला आणि भसकन सगळं तूस तोंडावर आलं. डोळेच उघडेनात. मग किंकाळी ऐकली."

"प्रतिक्षा दिसली?"

"डोळ्यांत तूस होतं हो. पण आत कुणीतरी मुलगी होती, एवढं नक्की." ते पुढे झुकले. "बाई, मला त्या पोरीचं वाईट व्हायला नकोय. काल सर तिला बोलले, तिच्या मनाला लागलं असेल. तरणं रक्त. तुम्ही सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या म्हणताना ते तिला अडकवत होते, हे मीनाबाईंच्या लक्षात आलं. पण अडकवणारा माणूस खोटाच बोलत असतो, असं नाही. त्यांच्या अंगावर तूस होतं. पोरीच्या अंगावर नव्हतं. दोघंही एकाच वेळी एकाच दाराशी असल्याचं सांगत होते आणि दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

दोघांतलं एक जण त्या दाराशी नव्हतंच.

४

दुसऱ्या दिवशी मीनाबाई नाशिकला गेल्या. भोयेंचा हात कोपराखाली काढावा लागला होता. चेहरा पांढराफटक, पण शुद्ध पूर्ण होती. उशाशी त्यांची बहीण पोशी बसली होती.

"कुणी केलं, भोये सर?"

"माझीच चूक. पिन मीच काढली असेल."

"असेल?"

"काढली. बटणही माझ्याच हातून फिरलं असेल."

"तुम्ही उताणे झोपला होतात. उजवा हात खांद्यापर्यंत आत होता. बटण भिंतीवर, तुमच्यापासून सहा पावलं. झोपल्या झोपल्या फिरवलंत?"

भोयेंनी डोळे मिटून घेतले.

"प्रतिक्षाचं नाव पुढे येतंय, सर."

डोळे उघडले. "ती नाही."

"मग कोण?"

"मी सांगितलं ना. माझी चूक. लिहून घ्या आणि मिटवा. पोरांचं शिकणं थांबवू नका. मॅडम, तुम्ही जामसरच्या. आपल्याकडची पोरं पावसाळा संपला की कुठे जातात, तुम्हाला मी सांगू? वीटभट्टीवर. ही एकोणीस जणं या वर्षी गेली नाहीत. तेवढं राहू द्या."

हात गमावलेला माणूस गुन्हेगाराला वाचवतो, हे मीनाबाईंनी पाहिलं होतं. भीतीनं वाचवतो, नात्यानं वाचवतो. इथे मात्र तिसरंच काहीतरी होतं. भोये कुणा माणसाला वाचवत नव्हते. केंद्राला वाचवत होते. म्हणजे खरं बोललं तर केंद्र बुडेल, असं काहीतरी त्या खऱ्यात होतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी कंपनीच्या अधिकारी बाईंना फोन लावला.

"आम्ही तुमच्याकडे यायच्या आदल्या संध्याकाळी भोयेंचा स्वतःचा फोन आला होता," बाई म्हणाल्या. "आम्ही केंद्राच्या मान्यतेचा क्रमांक तीनदा मागितला होता, व्यवस्थापक दर वेळी पुढे ढकलत होते. भोये म्हणाले, तुम्ही या, मुलांचं काम आधी बघा, मग मान्यतेबद्दल मला समोरासमोर काहीतरी सांगायचंय. ते ऐकल्यावर निवडीचं बघा. आवाज फार जड होता त्यांचा."

"हा फोन केल्याचं आणखी कुणाला माहीत होतं?"

"त्यांनी सांगितलं की सकाळी व्यवस्थापकांना स्वतः कळवणार आहे. पाठीमागून काही करायचं नाही म्हणाले."

मीनाबाईंनी जीप त्र्यंबकजवळच्या आंबोलीच्या वळणावर थांबवली. मान्यताच नसेल तर चार वर्षांत दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र नुसता कागद. पाहुण्यांना ते सांगायला भोये तयार होते, पण पोलिसांत गेलं तर केंद्राला कुलूप लागणार होतं. हे बाहेर येऊ नये असं एकाच माणसाला वाटणार होतं. पण वाटणं वेगळं आणि केलं हे दाखवणं वेगळं. त्या माणसाच्या अंगावर तूस होतं, आणि ते तूस तर त्याला मागच्या दाराशीच नेऊन उभं करत होतं.

की नव्हतं?

वारा पुढं होता, असं पोरगी म्हणाली होती. मीनाबाईंना एकदम शेडमधला तो पिवळट पट्टा आठवला. इंजिनाच्या पुढे, दारापर्यंत. आणि मागे? मागे त्यांनी फेरी मारली होती. मागची जमीन शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ होती.

त्यांनी संदीप मौळेंना फोन केला आणि एकच प्रश्न विचारला.

"मौळे सर, ते यंत्र विमानाचा वेग मोडतं म्हणालात. कसं?"

५

गुरुवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मुलं भिंतीशी उभी राहिली.

"ज्यानं त्यानं आपापल्या जागी जायचं," मीनाबाई म्हणाल्या. "लाईट आली तेव्हा जिथे होतात तिथे. ढवळूदादा, तुम्ही मीटरपाशी. मी सांगितलं की मेन स्विच वर करा. प्रतिक्षा, तू मागच्या दाराच्या आत दोन पावलं. साहेब, तुम्ही मागच्या दाराशी."

"हे कशाला?" संखे म्हणाले.

"तूस कसं उडतं ते बघायला. जाकीट घाला."

संखेंनी जाकीट घातलं. मीनाबाईंनी ते आधीच झाडून, ब्रशानं साफ करून आणलं होतं. संदीपनं पेटीत तूस भरलं, बाही हातानं मागे सरकवली, आत कुणी नाही हे वाकून पाहिलं, पिन ठोकली आणि ठोकलेली पिन सगळ्यांना दाखवली. मग पंख्याचं बटण चालू करून ते बाजूला झाले. मीनाबाई स्वतः इंजिनासमोर, पुढच्या दारात उभ्या राहिल्या. इंजिनाकडे पाठ करून, बाहेर निघालेल्या माणसासारख्या.

"ढवळूदादा!"

पंखा घरघरला आणि मग शेडभर आवाज दणाणला. पहिला लोट बाहीच्या फटीतून बाहेर पडला आणि मागे न जाता उलटा फिरला. पिवळा ढग इंजिनाच्या अंगावरून पुढे धावला, मीनाबाईंच्या पाठीवर आदळला, टोपीवर, मानेवर, कॉलरीत शिरला आणि दारातून बाहेर अंगणात गेला. भिंतीशी उभ्या असलेल्या मुलांना हे नवं नव्हतं. ती संखेसाहेबांकडे पाहत होती.

संखे मागच्या दारात उभे होते. काळ्या जाकिटावर एक कण नव्हता.

"बंद करा!"

पंखा थांबल्यावर शांतता कानात भरली. मीनाबाईंनी कॉलर झटकली.

"प्रतिक्षा, हे असं का होतं, साहेबांना सांग."

प्रतिक्षा वर्गात उत्तर देतात तशी सरळ उभी राहिली. "विमान उतरतं तेव्हा लय जोरात असतं. नुसते चाकाचे ब्रेक पुरत नाय, धावपट्टी ओली असली तर घसरतं पण. म्हणून बाही मागं घ्यायची. झडपा मागची वाट अडवतात, हवा बाहीखालच्या जाळीतनं पुढं वळते. इंजिन पुढं ढकलायचं सोडून मागं रेटतं. पंखा तोच, दिशा तीच, फक्त हवेची वाट बदलते."

"मंगळवारी बाही मागे होती," मीनाबाई म्हणाल्या. "लाईट आली तेव्हा वारा पुढेच सुटला, ढवळूदादानं मेन पाडेपर्यंत पुढेच वाहत होता. मागच्या दारातून आलेल्याच्या अंगावर काही उडणं शक्य नव्हतं. पोरगी खरं बोलत होती, मीच तिला खोटं ठरवलं होतं. साहेब, तुमच्या पाठीवर तूस होतं. तोंडावर आलं म्हणालात, पण जाकिटाची छाती कोरी होती. तुम्ही त्या वेळी इथे होतात, मी उभी होते तिथे. इंजिनाकडे पाठ करून बाहेर पडत होतात. लाईट साडेदहाला येते, त्या दिवशी दहा मिनिटं आधी आली. तुम्हाला ऑफिसपर्यंत पोचायला वेळ मिळाला नाही."

"तूस तर कुठेही—"

"मौळे सर खोटं बोलले असते किंवा ही मुलं खोटं बोलली असती, तर त्यांनी वाऱ्याची दिशा चुकवली नसती. ती इथे रोज हेच शिकतात. हे खोटं ज्यानं रचलं त्यानं चार वर्षांत एकदाही हा धडा उभं राहून पाहिला नव्हता. पंखा म्हणजे मागे वारा, असं त्यानं गृहीत धरलं. मीही धरलं होतं. आता मान्यतेचा कागद दाखवा, साहेब."

संखेंनी मुलांकडे पाहिलं. एकोणीस चेहरे. मग ते मागच्या पायरीवर खाली बसले.

"मान्यता नाही," ते म्हणाले. "अर्ज केला होता, फेटाळला. मी क्रमांक टाकून पत्र बनवलं. वाटलं, पुढे मिळेल. पण गोरखनं परस्पर लिहून खात्री केली. मंगळवारी सकाळी मला म्हणाला, पाहुण्यांना मीच सांगणार. पोरांच्या कागदावर खोटी सही नको म्हणाला."

"म्हणून?"

"मला फक्त मशीन बिघडवायचं होतं! पिन काढली, बटण 'बंद'कडे फिरवलं. एक झडप अडते, हे मौळेंच्या तोंडून ऐकलं होतं. लाईट आली की बाही अडकून मोडेल, पाहुणे परत जातील, मला चार दिवस मिळतील. गोरख खाली आहे, हे मला माहीत नव्हतं. अंधार होता. देवाशप्पथ माहीत नव्हतं."

भिंतीशी उभ्या मुलांतून कुणीतरी हुंदका दिला. कुणी, ते मीनाबाईंनी वळून पाहिलं नाही.

६

"तो म्हणतो, त्याला माहीत नव्हतं," मीनाबाईंनी भोयेंना सांगितलं.

नाशिकच्या त्या वॉर्डात दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं. मान्यतेचं सगळं उघड झाल्याचं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. केंद्राला कुलूप लागलं होतं. कंपनीच्या बाईंनी मुलांसाठी एवढंच कबूल केलं होतं की, नाशिकच्या प्रवेशपरीक्षेला जो बसेल त्याला बसू देऊ. पहिल्यापासून. जुनं काही धरलं जाणार नाही. भोयेंनी ते ऐकून घेतलं होतं.

"अंधारात दिसलं नसेल, असं कोर्टही म्हणेल," मीनाबाई म्हणाल्या. "मग तो अपघात ठरेल. फार तर निष्काळजीपणा. तुम्ही आत असल्याचं त्याला कळलं होतं की नव्हतं, हे दोघांनाच ठाऊक. त्याला आणि तुम्हाला."

पोशीनं भावाच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"चार वर्षं आम्ही एका डब्यातून जेवलो," भोये शेवटी म्हणाले. "माझी बहीण नागलीची भाकरी पाठवायची, त्यातली अर्धी त्याला. पावलं वाजली तेव्हा मी विचारलं, कोण? तो म्हणाला, मी भावेश. मी म्हटलं, भावेशभाऊ, माझी बॅटरी उतरलीय, तुमची जरा धरता का? झडपेचा स्क्रू दिसत नाही."

"मग?"

"म्हणाला, आणतो."

पोशीचा हात थांबला.

"पावलं गेली. मग परत आली. मला वाटलं, बॅटरी घेऊन आला. पण उजेड पडला नाही. डोक्यावर पिनेचा खण असा आवाज झाला. अठरा वर्षं ऐकलेला आवाज आहे तो, मला झोपेत कळेल. तरी मी हात बाहेर काढला नाही, मॅडम. मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. भावेशभाऊ असं कसं करतील? स्क्रूचे दोनच आटे राहिले होते. ते फिरवत बसलो."

वॉर्डात कुणाच्या तरी ताटलीचा आवाज झाला.

"फिर्याद तुमच्या नावानं घेते," मीनाबाई म्हणाल्या. "द्याल?"

"लिहा."

हवालदारानं लिहून काढलं, वाचून दाखवलं. भोयेंनी दोन ठिकाणी शब्द दुरुस्त करून घेतले. मग हवालदारानं भोयेंच्या बँडेजकडे एकवार पाहिलं, पिशवीतून शाईचा डबा काढला, झाकण उघडलं आणि डावा हात पुढे घ्यायला खुणावलं.

"अंगठा नको," भोये म्हणाले.

"सर, उजवा हात तर—"

"माझ्या बापानं आयुष्यभर अंगठे दिले. पेन द्या."

पोशीनं कागदाखाली जेवणाचं ताट उपडं धरलं. भोयेंनी पेन डाव्या मुठीत धरलं, लहान मूल खडू धरतं तसं. 'गो'ची काना-मात्रा खाली घसरली. 'र' उलटा वळू पाहत होता, तो त्यांनी अडवला. घाम कपाळावरून नाकावर आला, पोशी पुसायला गेली तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. हवालदार शाईचा डबा मिटून उभा राहिला. मीनाबाईंनी घड्याळात पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं कागदावर सगळी अक्षरं उमटली. गोरख ढवळ्या भोये. वाकडी, मोठाली, ओळ सोडून चाललेली, पण वाचता येणारी.

"चालेल ना?" त्यांनी विचारलं.

मीनाबाईंनी सहीवर फुंकर घातली आणि कागद दोन्ही हातांनी उचलला.

"चालेल," त्या म्हणाल्या.